झोप कुठं लागली?

नाटक संपल्यावर नायिकेने "कसं झालं?" असं विचारावं, समोरच्याने "फार छान" म्हणावं आणि दोघांनी चहा प्यावा, अशी साधी रीत आहे. आमच्या राणीबाईंना ती मान्य नव्हती. जत्रेतलं नाटक आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, कानामागचा रंग अजून पुरता निघालेला नसायचा, तेवढ्यात त्या गावात फिरायला निघायच्या आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायच्या, "तुमाला झोप कुठं लागली?"

माणसं गांगरून जायची. जो सर्वांत जास्त घोरलेला असायचा तोच शपथेवर सांगायचा, की डोळ्याला डोळा लागला नाही. राणीबाई त्याला सोडायच्या नाहीत. राणी दरबारात आली तेव्हा जागे होता का, असं विचारायच्या. तो "होतो की" म्हणायचा. मग तिने कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, हा पुढचा प्रश्न यायचा, आणि तो बिचारा पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागायचा. त्या रागवायच्या मात्र नाहीत. "म्हंजी त्याच्या आदीच लागली," असं स्वतःशी म्हणून पुढच्या दाराकडे चालू लागायच्या.

आमच्या मुरुम गावचं नाटक तेव्हा दरवर्षी व्हायचं, देवळासमोरच्या मैदानात, आणि ते संपेपर्यंत उजाडायला आलेलं असायचं. राजा म्हणजे आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार, प्रधान म्हणजे शाळेतले गुरुजी, आणि ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा तो खलनायक. नाटक लिहायचेही गुरुजीच. नायिका मात्र बाहेरगावाहून यायची. गावातल्या बाईने तोंडाला रंग लावून उभं राहायचं ही कल्पनाच कुणाला सोसवायची नाही, म्हणून गाणारी नटी सुपारी देऊन बोलवायची, अशी आमच्या भागातली पद्धत. पुस्तक तिच्याकडे आधी पाठवून द्यायचं. ती काम पाठ करून तालमीपुरती आधी यायची, आणि समोर खरीखुरी बाई पाहून राजासकट सगळे आपापली वाक्यं विसरायचे. राणीबाई तेरहून यायच्या. त्यांचं खरं नाव हँडबिलावर दरवर्षी वेगळ्या तऱ्हेने छापलं जायचं. पहिल्याच वर्षी त्यांचं राणीचं काम पाहून गावाने त्यांना राणीबाई करून टाकलं, आणि हँडबिल छापणाऱ्याची चूक कुणालाच टोचेनाशी झाली.

उतरायच्या त्या आमच्याकडे. माझे सासरे कापडाचे व्यापारी आणि नाटक मंडळाचे अध्यक्ष, सगळं मुरुम त्यांना अप्पा म्हणायचं. मी त्या घरात नवी सून होते. माझं माहेर येडशीचं, वडील रेल्वेत. सासरी घरात कानडी चालायची आणि मला त्यातलं जेवण आणि पाणी एवढंच समजायचं. उंबऱ्याबाहेर पडायचं तर सोबत लागायची, आणि सोबत कुणाला सवड असायची? अशा दिवसांत एक पाहुणी येते, चहाचा कप उभ्यानेच संपवते, "अप्पा, सूनबाईला संगं नेते जरा," असं म्हणून चपला पायात सरकवते, आणि अप्पांना नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलेल्या असतो. राणीबाईंवर माझा जीव जडला तो गाण्यामुळे नाही. गाणं पुढे आलं. आधी हे.

त्या सकाळच्या फेरीत मी निम्मं मुरुम पाहिलं. पिठाची गिरणी, नळाचा कट्टा, न्हाव्याचं दुकान (तिथे त्या बाहेरूनच विचारायच्या आणि आत साबण लावून बसलेला माणूस जास्तच अडचणीत यायचा), मग आमच्याच नात्यातली घरं. पुरुषांपेक्षा बायका खरं बोलायच्या. गिरणीशेजारी राहणारी एक म्हातारी तर बेधडक होती. टाकलेल्या बायकोचं काम राणीबाईंनी केलं त्या वर्षी ती म्हणाली, "तू नवऱ्याला समजावत हुतीस तवा. त्यो बी ऐकंना, मंग म्या बी झोपले." राणीबाई भिंतीला धरून हसल्या. आणि घरी परतताना निम्म्या वाटेत एकदम थांबून म्हणाल्या, की म्हातारी बरोबर बोलली, बाई इतका वेळ समजावत बसतच नाही, एवढ्या वेळात ती माहेरची वाट धरते. पुढल्या वेळी तेच नाटक झालं तेव्हा ते भाषण निम्म्यावर आलं होतं. गुरुजी त्यांच्याशी पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत.

त्यांना बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. जेवताना टेकायच्या तेवढंच, तेही एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. पाठ करायच्या त्या अंगणात येरझारा घालत, केस वाळवायच्या येरझारा घालत, आणि कुणी बोलायला आलं तर त्याच्याभोवतीच फिरायच्या. सासूबाईंना त्यांच्याकडे बघून चक्कर यायची. त्या कानडीत काहीतरी पुटपुटायच्या आणि तोंड फिरवून शेंगा निवडत बसायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, घटकाभर टेका की. तर म्हणाल्या, "बूड टेकलं की आवाज टेकतो." याला शास्त्रात काय आधार आहे मला माहीत नाही. पण एवढं खरं, की ज्या घरात त्या असायच्या त्या घरातली सगळीच माणसं उगीच उभी असायची.

आता गाणं. पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. बहुतेक गाणाऱ्या बायका त्याच्या खालूनच गातात, असं आमचे पेटीमास्तर अभिमानाने सांगायचे, जणू तो आवाज त्यांनीच घडवला होता. राणीच्या नाटकात शेवटी दरबार होता. राजाने राणीचं लेकरू तिच्यापासून तोडलेलं असतं, आणि ती भर दरबारात ते परत मागते. गुरुजींनी लिहिलेलं पद अगदी साधं होतं, "राजा, माझं लेकरू माझ्या पदरी घाला." पण त्यातल्या 'पदरी'वर राणीबाई वर चढायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. जनरेटरचा आवाज, पाळण्यांचे भोंगे, पोरांची रडारड, सगळ्याच्या वरून तो सूर जायचा. मैदानाच्या कडेला निजलेली कुत्रीसुद्धा उठून बसायची. गावाला ते पद इतकं हवं असायचं, की नाटक टाकलेल्या बायकोचं असो की बंदूकवाल्या डाकूराणीचं, शेवटी कुठून तरी दरबार काढावाच लागायचा. डाकूराणी राजाकडे लेकरू मागते हे कुणालाही खटकलं नाही.

त्या आवाजाबद्दल त्या कधी फुशारक्या मारायच्या नाहीत. "भाड्याचं घर हाय. कवा बी खाली करावं लागंल," एवढंच म्हणायच्या.

स्तुतीचं आणि त्यांचं जमायचं नाही. गावात एका वर्तमानपत्राचे बातमीदार होते, त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. पेपरचं पान संध्याकाळीच लागायचं आणि नाटक रात्री असायचं, तेव्हा ते बिचारे दिवेलागणीलाच बातमी पाठवून द्यायचे, "नायिकेने आपल्या सुस्वर गायनाने व भावपूर्ण अभिनयाने रसिकांची मने जिंकली." दरवर्षी हेच. एका वर्षी ऐन जत्रेत अवकाळी गारा पडल्या, मंडप भुईसपाट झाला आणि नाटक एक दिवस पुढे गेलं. बातमी मात्र गेलेली होती. सकाळी राणीबाईंनी आमच्या ओसरीवर उभं राहून ती मोठ्याने वाचली आणि अप्पांना विचारलं, "काल तर म्या तुमच्या हितं भाकर खाऊन झोपले. मनं कवा जिंकली?" अप्पांनी तरीही ते कात्रण कापून घेतलं. अप्पा प्रत्येक कात्रण ठेवायचे. पेपरात आलं म्हणजे झालंच, असा त्यांचा स्वभाव होता.

मला हे नवल वाटायचं. लोक चांगलं म्हणतात तर घ्यावं की. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा त्या चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी भाकरी थापत होते. म्हणाल्या, की छान म्हणणारा माणूस मला घरी न्यायला काही देत नाही, झोपलेला देतो. तो जिथे झोपला तिथे मला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तोंडाला लाज असती सूनबाई, डोळ्याला नसती."

आणि डोळ्यांच्या बाबतीत माझ्यासारखी बेशरम त्यांना जिल्ह्यात दुसरी सापडली नसती. येडशीला आमचं क्वार्टर रुळाला लागून होतं. मालगाडी उशाशी धडधडत जायची आणि आम्ही भावंडं कूस बदलायचो नाही. मला कुठेही, कशातही झोप लागते. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा मामाने मला पाठीमागून धरून ठेवलं होतं. राणीबाईंना हे कळलं आणि त्या आनंदून गेल्या. त्यांनी मला त्या दिवसापासून कामाला लावलं. नाटकाला मी बायकांच्या बाजूला, मंडपाच्या पुढच्या खांबाला पाठ टेकून बसायचं, म्हणजे त्यांना रंगमंचावरून मी दिसणार. सकाळी पहिला प्रश्न मला. "डाकूराणी पळून जाते तिथं लागली," असं मी सांगायचे. "बंदूक वाजली तरी?" "बंदुकीनं जाग आली, मग परत लागली." यावर आधी त्या खदखदून हसायच्या आणि मग दिवसभर त्यांना चैन पडायचं नाही. काय कमी पडलं, चाल पडली की शब्द पडले, पळायच्या आधी डाकूराणीने थांबायला हवं होतं का. बसमध्ये चढतानासुद्धा तेच.

एक गोष्ट मात्र कधी चुकली नाही. मी कुठेही झोपलेली असो, दरबाराच्या पदाला, 'पदरी'च्या त्या सुराला मला जाग यायची. कुणी हलवायचं नाही. डोळे उघडायचे आणि समोर हिरव्या लुगड्यातली राणी उभी असायची. काही वेळ मी कुठे आहे, माहेरी की सासरी, हे मला कळायचं नाही. रडू यायचं. लेकरू राणीचं आणि रडायचे मी, तेव्हा मला मूलबाळही नव्हतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मान डोलावली आणि अंगणात निघून गेल्या. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी मनाला लावून घेतलेली स्तुती तेवढी एकच.

वर्षं गेली. मला मुलं झाली, मी कानडीत भांडायलाही शिकले. राणीबाईंच्या केसांना मेंदी आणि मग काळा रंग लागला, आणि नाटकातली राणी मात्र होती तेवढीच तरुण राहिली. पेटीमास्तर एका तालमीला हळूच म्हणाले, की बाई, यंदा एक पट्टी खाली घेऊ का, गाणाऱ्यालाही बरं पडतं. राणीबाई त्यांच्याभोवती एक फेरी मारून आल्या. "खालच्या सुरात न्याय मागितला तर राजा देईल व्हय?" एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी मुकाट्याने पाचवी काळी धरली.

पण त्यांच्या सकाळच्या फेऱ्या आता लांबत चालल्या होत्या. पूर्वी दोन गल्ल्या व्हायच्या, आता वेशीपर्यंत जायच्या. कारण त्यांना उत्तर मिळत नव्हतं. त्या आता वयाने मोठ्या झाल्या होत्या, मुरुमच्या जत्रेचा मान झाल्या होत्या. लोक उठून उभे राहायचे, पाया पडायचे, आणि झोपेचं नाव काढलं की जीभ चावायचे. गिरणीजवळची म्हातारीसुद्धा आता "लई ग्वाड गातीस माय" म्हणायला लागली होती. राणीबाई चिडायच्या. परतताना माझ्यापुढे चार पावलं चालायच्या आणि पाठीमागे न बघता बोलायच्या. आवाज जाणार याची त्यांना भीती नव्हती. तो जाईल आणि गाव टाळ्या वाजवत राहील, आपण वेड्यासारख्या तिथेच उभ्या राहू, याची भीती होती. एकदा दारापाशी थबकून त्यांनी मला विचारलं, "ज्या दिवशी जायचं त्या दिवशी मला कुणी तरी सांगाया पायजे. तू सांगशील?" मी सांगेन म्हटलं. हातात बाजाराची पिशवी होती, धाकटा कडेवर रडत होता. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो.

मग ते वर्ष आलं. तालमीत 'पदरी'वर त्यांचा आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा मास्तरांनीच पेटी मिटली आणि उद्या होईल म्हणाले. मंडळातल्या कुणी काही बोललं नाही, पण गावात अशी गोष्ट पसरायला बोलावं लागत नाही. नाटकाच्या दिवशी दुपारपर्यंत नळाच्या कट्ट्यावर तेच चाललं होतं. राणीबाई तेवढ्या दिवसभर गरम पाणी पीत अंगणात फिरत होत्या, आणि आमची नजर चुकवत होत्या.

त्या रात्री मैदानात कुणी झोपलं नाही. मी खांबाला पाठ टेकून बसले होते आणि पाठ टेकत नव्हती. दरबार आला. हिरवं लुगडं नेसून राणी पुढे आली. 'राजा, माझं लेकरू माझ्या' इथपर्यंत सगळं नीट, आणि मग त्या वर निघाल्या. सूर निघाला, हलला, आता पडतो असं वाटलं, आणि तसाच हलत हलत वर जाऊन उभा राहिला. टाळ्या थांबेनात. टोप्या उडाल्या. अप्पांच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी त्या निघाल्या, मी बरोबर. पहिल्या दारात उत्तर आलं, की झोप लागली नाही. राणीबाईंनी सवयीने लुगड्याचा रंग विचारला. हिरवा, उत्तर बरोबर. दुसऱ्या दारात हिरवा. न्हाव्याच्या दुकानात हिरवा, आणि काठ लाल, हेही. गिरणीजवळच्या म्हातारीला तर प्रधानाची पगडी वाकडी झाली होती तेवढंही आठवत होतं. राणीबाईंचा चेहरा घरागणिक उजळत गेला. त्यांची चाल मंदावली. गिरणीच्या पायरीपाशी आलो तेव्हा त्या चक्क बसल्या. पाय लांब करून, पदराने वारा घेत. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना अशा बसलेल्या बघत होते, आणि मला वाटलं, देवा, आता घरी जाऊन त्यांनी मला काही विचारू नये.

घरी आल्या, परसात पाटावर बसल्या. मी चहा दिला. "आता तुझं राहिलं," म्हणाल्या. "झोप कुठं लागली?"

"न्हाय लागली."

"कुठंच?"

"कुठंच न्हाय."

त्यांनी आनंदाने माझा हात ओढून हातात घेतला, आणि तिथेच थांबल्या. माझ्या डाव्या मनगटात बांगड्या नव्हत्या. काचेचे ओरखडे होते, एक बराच खोल. "हे काय?" म्हणाल्या. मी सांगणार नव्हते. पण त्यांनी हात सोडला नाही. शेवटी म्हटलं, दरबाराच्या पदाला. कसं झालं ते मला कळलं नाही. मी मनगट आवळून बसले होते, बांगड्या पिचल्या.

राणीबाईंनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग हात हळूच माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि उठून उभ्या राहिल्या.

"म्हंजी तू गाणं ऐकत न्हवतीस," त्या म्हणाल्या. "मला धरून बसली हुतीस."

 त्यांनी परसातून एक फेरी मारली, पुन्हा माझ्यासमोर आल्या. "समदं गावच मला धरून बसलं हुतं की गं."

हे त्या रडून म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसतं हिशोब लागल्यासारखं म्हणाल्या. मग सूर चढला की नाही ते खरं सांग, असं विचारलं. मी सांगितलं, चढला. पण दरवर्षी त्या सुराने मला जाग यायची, रडू यायचं. काल तो लागला तेव्हा मला लेकरू आठवलं नाही, राणी आठवली नाही, बाई सुटल्या एवढंच वाटलं.  त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बरं केलंस," म्हणाल्या, आणि पिशवी भरायला आत गेल्या. मंडळाकडून नटांना आहेर करायचा कार्यक्रम दुपारी होता. त्यासाठी त्या थांबल्या नाहीत. चहा तसाच राहिला.

बातमीदारांनी त्या वर्षी प्रथमच पहाटेपर्यंत बसून नाटक पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लांबलचक बातमी आली. आजवरच्या सर्व भूमिकांत ही सर्वोत्तम, असा सूर पुन्हा ऐकायला मिळणार नाही, असं लिहिलं होतं. त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं, आणि म्हणूनच मला ते वाचवेना. अप्पांनी कात्रणाला चौकट करून घेतली.

पुढच्या वर्षी अप्पा स्वतः सुपारी घेऊन तेरला गेले. राणीबाईंनी त्यांना जेवू घातलं, स्वतः दारात उभ्या राहिल्या आणि सुपारीला हात लावला नाही. "नवी पोरगी आणा अप्पा. लोकांना निवांत झोपू द्या," म्हणाल्या. अप्पांना ते कळलं नाही, ते रागावून परत आले. नवी पोरगी आली, गोड गायली, चौथ्या काळीत. मी दुसऱ्याच प्रवेशाला झोपले आणि उठले ती उजाडल्यावर. सकाळी चुलीपाशी कुणी काही विचारलं नाही. मग हळूहळू नाटकच बंद पडलं. आता जत्रेत ऑर्केस्ट्रा असतो. त्यात झोपायची सोय नाही.

मला रुखरुख लागून राहिली होती. बाई माझ्यावर रागावल्या असतील का, हे विचारायला मला कधी धीर झाला नाही. त्यांच्या खबरा यायच्या. तेरच्या आसपास बारसं असलं की त्यांना पाळणा म्हणायला बोलावतात, असं कळलं. माझ्या लेकीला मुलगी झाली तेव्हा मी मनाचा हिय्या करून फोन लावला. बारसं कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. दोनदा बस बदलून आल्या. केसांचा काळा रंग सोडून दिला होता, पांढरं डोकं त्यांना शोभत होतं. आल्या आल्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चहा उभ्यानेच संपवला. तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

पाळणा त्यांनी उभ्यानेच म्हटला, एका हातात दोरी आणि पाय जागेवर ठरत नाहीत. आवाज खालचा, जाडसर, मधे मधे श्वास लागत होता. पेटी नव्हती आणि पट्टी विचारायला मास्तरही उरले नव्हते. दर कडव्याला त्या पाळण्यात वाकून बघायच्या, "झोपलं का?" नात टक्क डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती. बायका हसत होत्या, कुणी मोबाइलवर घेत होतं. मी भिंतीला टेकले. त्यापुढचं मला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा घुगऱ्यांच्या वाट्या गोळा झाल्या होत्या, बायका पांगल्या होत्या. राणीबाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. मांडीवर नात झोपली होती.

"झोप कुठं लागली?" त्यांनी हळूच विचारलं.

"पयल्या कडव्याला."

"निवांत?"

"निवांत," मी म्हटलं. त्यांनी माझं डावं मनगट धरलं, बांगड्या वर सारून अंगठ्याने चाचपून पाहिलं, आणि पोर माझ्याकडे देत लगेच उठल्या. बस चुकेल म्हणाल्या. तीच आमची शेवटची भेट.

त्या गेल्याचं मला पेपरातून कळलं. मुरुमला देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. फोटोखाली त्यांचं नाव पुन्हा एकदा नव्याच तऱ्हेने छापलेलं होतं. चौकटीतलं ते कात्रण अप्पांच्या माघारी आम्हीच मंडळाला दिलं होतं, ते फोटोशेजारी ठेवलं होतं. मी पुढच्या खांबापाशी बसले. वक्ते बोलायला लागले. स्वर्गीय सूर, अजरामर भूमिका. त्यांनी कधीच न केलेलं एक कामही कुणीतरी भाषणात त्यांच्या नावावर गाजवून दाखवलं. मला राग आला होता, भडभडूनही आलं होतं, आणि तरी मी खांबाला पाठ टेकली.

खुर्च्या सरकल्याच्या आवाजाने जाग आली. सगळे मौन पाळायला उभे राहिले होते. मीही उठले, मान खाली घातली, पण मला शांत उभं राहवेना. आतल्या आत मी येरझारा घालत होते. एवढ्या माणसांत मला विचारायला कुणी नव्हतं, आणि मला सांगायचं होतं, की बाई, दुसऱ्या भाषणात लागली. 'रसिकांची मने जिंकली', तिथं.